पोरगं कॉलेज बेसबॉलला गेलंय आणि रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, गर्दी आहे, घरच्यांनी काय धरून चालायचं

गेल्या महिनाभरात मला एकाच विषयावर तीन फोन आले, तिन्ही आपल्या मराठी घरांतले, एक इथलाच डॅलसजवळचा, एक न्यू जर्सीचा, एक कॅलिफोर्नियाचा. पोरगं ऑगस्टमध्ये कॉलेजला गेलं, बेसबॉलच्या टीममध्ये आहे, आणि आता फोनवर म्हणतंय की आई, इथे माझ्याच पोझिशनला सहा जण आहेत. मग आईबाबांची झोप उडते. आमचं काही चुकलं का, कोचने फसवलं का, हा मेहनत कमी करतोय का? आमच्या घरातनं हे सगळं जाऊन आलंय म्हणून आज नीट बसून लिहिते, कारण क्रिकेट आपल्या रक्तात आहे पण अमेरिकेतलं कॉलेज बेसबॉल आतून कसं चालतं हे आपल्याला कोणीच सांगत नाही, आम्हालाही आमचा मुलगा त्यात पुरता उतरेपर्यंत कळलं नव्हतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवा. तुमच्या पोराला खेळायला मिळतंय की नाही हे बऱ्याचदा त्याच्या गुणांवर ठरत नाही, जागा किती आणि त्या जागांवर आधीच कोण बसलंय यावर ठरतं. आपण मात्र घरी बसून त्याच्या गुणांचा हिशोब करत राहतो.

आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. अमेरिकेत हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणारी मुलं पावणेपाच लाखांच्या आसपास आहेत. त्यातली शंभरात सात-आठ एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या मुख्य संघटनेच्या, कुठल्या ना कुठल्या कॉलेजात खेळतात, आणि सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळे डी-वन म्हणतात तिथे, शंभरात जेमतेम दोन-तीन पोचतात. डी-वनची कॉलेजं साधारण ३००. म्हणजे त्या रोस्टरवरचं प्रत्येक पोरगं आपापल्या शाळेचा हिरो होतं, प्रत्येकाच्या घरी ट्रॉफ्यांचं कपाट आहे, आणि आता ते सगळे हिरो एकाच डगआउटमध्ये बसलेत.

आता ही गर्दी आली कुठून ते सांगते, कारण ती नेहमीच इतकी नव्हती. मुंबईची लोकल आठवा. दादरला जे उतरायचे ते उतरलेच नाहीत आणि पुढच्या स्टेशनवरचे लोक मात्र चढत राहिले तर डब्याचं काय होईल, तसं झालं. १२ मार्च २०२० ला कोविडमुळे अख्खा सीझन रद्द झाला आणि एनसीएएने सगळ्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून दिलं. ते बरोबरच होतं, पोरांचं वर्ष वाया गेलं होतं. पण त्याच वर्षी मेजर लीगने, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रोफेशनल लीगने, ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची दरवर्षीची निवड, ५ राउंडचा केला, फक्त १६० खेळाडू घेतले, आदल्या वर्षापर्यंत तो ४० राउंडचा असायचा आणि १२०० च्या वर पोरं जायची. २०२१ पासून २० राउंड झाले, म्हणजे ६०० च्या वर पोरं, त्यामुळे जुने दिवस काही परत आले नाहीत. त्यात मेजर लीगशी जोडलेल्या मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पायरीच्या प्रोफेशनल, टीम १६० वरून १२० वर आणल्या. म्हणजे वरच्या टोकाला दार अरुंद झालं. जी पोरं एकविसाव्या वर्षी प्रोफेशनल व्हायला निघून गेली असती ती कॉलेजातच राहिली, बावीस-तेवीस वर्षांची झाली, आणि खालून अठरा वर्षांची नवी बॅच दर ऑगस्टला येतच राहिली.

आमचा मुलगा २०२१ च्या ऑगस्टमध्ये, नेमका त्या गर्दीच्या कळसाला कॉलेजला गेला. सेकंड बेस खेळायचा. फॉलच्या, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या, प्रॅक्टिसला किती पोरं असतील? ४६. त्याच्या पोझिशनवरचा एक जण तर तेवीस वर्षांचा, मास्टर्स करणारा, लग्न ठरलेला गृहस्थ होता. आमचं पोरगं तेव्हा दाढीही धड करत नव्हतं.

मग आलं ट्रान्सफर पोर्टल. हे नीट समजून घ्या, सगळा खेळ यानेच बदललाय. पोर्टल म्हणजे एक यादी, खेळाडूने सांगितलं की मला कॉलेज बदलायचंय तर त्याचं नाव तिथे चढतं आणि दुसऱ्या कॉलेजांचे कोच त्याच्याशी बोलू शकतात. हे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, पण आधी बेसबॉलवाल्यांना कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये एकदा बदलायला मोकळीक मिळाली, २०२४ पासून अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा बदला. कोचच्या बाजूने विचार करा, त्याची नोकरी जिंकण्यावर आहे. एकीकडे अठरा वर्षांचं पोरगं, ज्याने हायस्कूलच्या पिचरांचे, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांचे, बॉल मारलेत, आणि दुसरीकडे पोर्टलमधला एकवीस वर्षांचा, ज्याने कॉलेजच्या पिचिंगसमोर दोन सीझन काढलेत आणि त्याचे सगळे आकडे समोर आहेत. कोच कोणाला घेईल? कोच वाईट माणूस आहे असं नाही, त्याच्या जागी आपणही तेच करू. पण याचा अर्थ असा की तुमच्या पोराची स्पर्धा फक्त आत्ता रोस्टरवर असलेल्यांशी नाही, पुढच्या जूनमध्ये पोर्टलमधून कोण येईल त्याच्याशीही आहे, आणि तो माणूस आज कुठे आहे हे कोचलाही माहीत नाही.

आणि २०२५ मध्ये आणखी एक मोठी गोष्ट झाली. कॉलेज खेळाडूंच्या पैशांवरून कोर्टात एक खटला होता, त्यातल्या हाउस सेटलमेंट नावाच्या तडजोडीला ६ जून २०२५ ला मंजुरी मिळाली, आणि २०२५-२६ पासून जी डी-वन कॉलेजं त्यात सामील झाली त्यांना बेसबॉलचं रोस्टर ३४ वर ठेवावं लागतं. कोविडआधी मर्यादा ३५ होती, कोविडनंतर ती ४० पर्यंत गेली होती, म्हणजे डबा लहान झाला. जी पोरं या नियमामुळे बाहेर पडली असती त्यांच्यापुरती सूट दिलीय, ती ३४ मध्ये मोजत नाहीत, पण नव्याने येणाऱ्यांना ती सूट नाही. आणि तारीखही लक्षात ठेवा, स्प्रिंगच्या खेळांसाठी, आणि बेसबॉल त्यातच येतं, १ डिसेंबरपर्यंत आकडा ३४ वर यायला हवा. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या प्रॅक्टिसला ४० पोरं मैदानावर दिसत असतील तर नोव्हेंबरमध्ये काय होणार आहे हे उघड आहे.

३४ म्हटलं तरी त्यात खेळतात किती ते बघू. कॉलेजप्रमाणे थोडंफार इकडेतिकडे होतं, पण साधारण अर्धे, १७-१८ जण, पिचर असतात. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन मॅचची सिरीज असते, तिला तीन ठरलेले स्टार्टर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारे पिचर, मंगळवारच्या मॅचला एक, आणि बुलपेनमधून, म्हणजे मध्येच बदली म्हणून येणारे, कोचचा भरवसा असलेले पाच-सहा. बाकीच्यांच्या वाट्याला १२-० ने पुढे किंवा मागे असताना एखादी इनिंग. कॅचर तीन असले तरी बहुतेक मॅच एकच करतो. इनफिल्डचे सहा-सात, त्यात चार जागा, आउटफिल्डचे पाच-सहा, त्यात तीन. क्रिकेटमध्ये पंधरातले अकरा खेळतात ना, आणि बाराव्याला निदान पाणी घेऊन मैदानात जायला मिळतं, इथे चौतिसातले नऊ-दहा सुरुवात करतात आणि बाहेरगावच्या मॅचला सगळ्यांना बसमध्ये जागाही नसते. नियमित सीझन ५६ मॅचचा असतो हे ऐकून वाटतं की कधीतरी नंबर लागेलच. पहिल्या वर्षी दहा-पंधरा मॅचमध्ये पाय मैदानाला लागला तरी ते चांगलं वर्ष समजा, मनापासून सांगते.

आता एक भाग असा आहे जो फारसं कोणी बोलत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. ३४ ची मर्यादा फक्त त्या डी-वन कॉलेजांना आहे. आपल्याला वाटतं डी-वन नको, डिव्हिजन थ्री किंवा छोटं एनएआयएचं, म्हणजे छोट्या कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेचं, कॉलेज घेऊ, तिथे नक्की खेळायला मिळेल. काही ठिकाणी मिळतंही. पण बरीच छोटी खाजगी कॉलेजं विद्यार्थ्यांच्या फीवरच चालतात, आणि त्यांच्यासाठी बेसबॉलची टीम म्हणजे फी भरणारी पन्नास पोरं आणण्याचा रस्ता असतो. तिथे रोस्टरवर ५०, ५५, कधी त्याहूनही जास्त नावं दिसतात. कोचला काही ठिकाणी वर्षाला इतकी पोरं आणाच असा आकडाच दिलेला असतो. त्यात तुमच्या पोराला फोन येतो, आम्हाला तू हवायस, ये बघायला, आणि घरी पेढे वाटले जातात. त्या ‘हवायस’ चा अर्थ मैदानावर हवायस असा आहे की यादीत हवायस असा आहे, हे शोधून काढणं आपलं काम आहे.

आणि ते शोधता येतं, फुकट, घरी बसून. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर टीमची रोस्टर असते आणि जुन्या वर्षांचीही असते. तीन वर्षांपूर्वीची उघडा, त्यातले फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाची पोरं, कागदावर लिहून काढा, समजा चौदा नावं आली. मग पुढच्या वर्षीची रोस्टर, मग त्याच्या पुढची, आणि बघा त्या चौदातले किती उरले. कुठे नऊ-दहा उरतात, कुठे तीन. मग स्टॅट्सच्या पानावर जा आणि जे उरले त्यातल्या कितींना खरंच खेळायला मिळालं ते बघा. शेवटी तुमच्या पोराच्या पोझिशनवर आज कोण आहेत, ते कितव्या वर्षाला आहेत, त्यातले किती जण दुसऱ्या कॉलेजातून आलेत हे लिहा. दुसऱ्या कॉलेजातून आलेले जास्त असतील तर कोचला तयार माणूस आवडतो, घडवायला वेळ नाही, हे कळून जातं. एका कॉलेजला अर्धा तास लागतो. आम्ही ट्रॅव्हल बॉलवर (शाळेबाहेरच्या फिरत्या टीमवर), शोकेसवर (कोचना खेळ दाखवायच्या कार्यक्रमांवर), हॉटेलांवर सात वर्षं पैसे घातले, दर वीकेंडला गाडी चालवली, आणि हा अर्धा तास मात्र काढला नाही, कारण असं काही करायचं असतं हेच माहीत नव्हतं.

कोचला प्रश्नही विचारायचे, पण पोराने विचारायचे, तुम्ही नाही. इथे आईबाबांनी कोचला फोन करून माझ्या मुलाला का खेळवत नाही असं विचारलं तर त्याचा त्रास पोरालाच होतो, ते काम कधीच करू नका. पोराने कमिट होण्याआधी, म्हणजे कॉलेजला होकार देण्याआधी, सरळ विचारावं की माझ्या पोझिशनवर माझ्या बॅचमध्ये अजून किती जण येतायत, फॉलला किती पोरं असतील आणि त्यातून किती कमी करणार, पहिल्या वर्षी मला रेडशर्ट करायचा विचार आहे का. रेडशर्ट म्हणजे त्या वर्षी मॅच खेळायची नाही, फक्त प्रॅक्टिस, आणि खेळायचं एक वर्ष मागे शिल्लक ठेवायचं, पाच वर्षांत चार सीझन खेळता येतात त्याचा हा उपयोग. प्रामाणिक कोच या प्रश्नांना आकड्यात उत्तर देतो. जो नुसतं, मेहनत करणाऱ्याला जागा मिळतेच, असं म्हणतो त्याच्याकडे तुमच्या पोरासाठी ठरलेलं काही नाही असं समजून चाला.

पैशांबद्दल आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे. बेसबॉलची स्कॉलरशिप म्हणजे सगळं फुकट असं नातेवाइकांना वाटतं. कित्येक वर्षं डी-वनच्या एका टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप असायच्या आणि त्या जास्तीत जास्त २७ जणांत वाटायच्या, म्हणजे बहुतेकांना पाव, तिसरा हिस्सा, क्वचित अर्धी. २०२५-२६ पासून सेटलमेंटमध्ये असलेलं कॉलेज सगळ्या ३४ जणांना पूर्ण देऊ शकतं, पण देऊ शकतं आणि देतं यात फार अंतर आहे, फुटबॉलमधून ढीगभर पैसा येणारी थोडी कॉलेजं सोडली तर तेवढं बजेट कोणाकडे आहे? डिव्हिजन टूमध्ये एका टीमला ९, डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शून्य, आयव्ही लीगमध्येही शून्य. अभ्यासावर आणि घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत मात्र सगळीकडे आहे, आणि आपल्या पोरांचे मार्क चांगले असतील तर तीच जास्त भरते. तोंडी ऑफर म्हणजे कागद नव्हे हेही लक्षात ठेवा, सही केलेलं मदतीचं पत्र हातात येईपर्यंत काहीच पक्कं नसतं. आणि पोराने पोर्टलमध्ये नाव टाकलं की आत्ताचं कॉलेज पुढची मदत थांबवू शकतं, त्यामुळे रागाच्या भरात रात्री अकराला तो फॉर्म भरू देऊ नका.

अभ्यासाचा एक नियम आहे, ४०-६०-८०. डी-वनमध्ये दुसऱ्या वर्षाअखेर डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण झालेला लागतो, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ८०. आता कॉलेज बदललं की सगळे क्रेडिट नव्या कॉलेजात डिग्रीला धरतात असं नाही, आणि इंजिनिअरिंगला असलेल्या पोराला तर हे फारच जड जातं, मग ट्रान्सफरनंतर टिकून राहायला मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, बदलावा लागतो. खेळासाठी कॉम्प्युटर सायन्स सोडलेली मुलं मी पाहिलीत. ज्याला मनापासून दुसरं काही शिकायचंय त्याने जरूर बदलावं, पण आठवड्याला वीस तास प्रॅक्टिस आणि वर बसप्रवास सांभाळून वर्षभरात कोणाचं तरी रोस्टरवरचं नावच गेलं तर हातात काय उरतं याचा विचार आधी व्हायला हवा. म्हणून मी प्रत्येक घराला हेच सांगते की कॉलेज असं निवडा की उद्या खांदा दुखावला आणि बेसबॉल बंद झालं तरी पोरगं तिथेच आनंदाने डिग्री पूर्ण करेल.

आपल्यातल्या काहींसाठी व्हिसाची बाजूही आहे. एच-फोरवर, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसावर अवलंबून, असलेल्या मुलाला एकविसाव्या वर्षी स्टेटस बदलावं लागतं, बहुतेक एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आणि टीममधली बाकी पोरं स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करतात ती करायला एच-फोर किंवा एफ-वनवर मोकळीक नाही. स्कॉलरशिप घेता येते, जाहिरातीचे पैसे घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. एफ-वनवर फुल टाइम शिकत राहावं लागतं, म्हणजे नोव्हेंबरमध्ये कॉलेज सोडून जानेवारीत दुसरीकडे जायचं झालं तर आधी कागद, मग बॅग.

पिचर कुमार रॉकरचं नाव आपल्या लोकांत फार निघतं, आई भारतीय वंशाची, व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीला पहिल्याच वर्षी २०१९ मध्ये ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउट करून नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या टीमला एकही हिट मिळू दिली नाही. मलाही त्याचा अभिमान वाटतो. पण त्याच्याकडे बघून पहिल्या वर्षाची अपेक्षा ठेवू नका, आणि हेही बघा की त्याला २०२१ मध्ये मेजर लीगच्या न्यूयॉर्क मेट्सने ड्राफ्ट केलं पण करार झाला नाही, मेजर लीगमध्ये तो २०२४ मध्ये उतरला. पिचर पॉल स्कीन्सचंही उदाहरण लोक देतात, ट्रान्सफर करून एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला, गेला आणि २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आला. खरंय, पण आधी एअर फोर्स अकॅडमीत तो दोन वर्षं भरपूर खेळत होता, बाकावर बसून नव्हता. पोर्टलमध्ये खेळलेल्याला मागणी असते. न खेळलेल्याला तिथे फोनची वाट बघत उन्हाळा काढावा लागतो.

म्हणून ज्युको, म्हणजे दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज, याला आपल्याकडे जे नाक मुरडतात ते सोडा. मेजर लीगचा मोठा स्टार अल्बर्ट पुहोल्स कॅन्सस सिटीच्या मेपल वुड्स कम्युनिटी कॉलेजमधून १९९९ मध्ये तेराव्या राउंडला ड्राफ्ट झाला होता. फी कमी, मॅच भरपूर, आणि खेळून दाखवायला जागा. तिथेही रोस्टर मोठ्या असतात, तोच अर्ध्या तासाचा अभ्यास तिथेही करा.

आमच्याकडे नोव्हेंबरमध्ये कोचने त्याला ऑफिसात बोलावलं, दहा मिनिटं बोलले, चांगलं बोलले, आणि स्प्रिंगसाठी जागा नाही असं सांगितलं. आम्हाला त्याने सांगितलंच नाही. पुण्यात माझे सासरे पहाटे पाचला उठून स्कोअर बघायची तयारी करून बसले होते, फेब्रुवारीत सीझन कधी सुरू होतो ते मला दर रविवारी विचारायचे, आणि मी त्याला विचारायचे, आणि तो म्हणायचा बघू. थँक्सगिव्हिंगला घरी आला, दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते तेव्हा ओट्याला टेकून म्हणाला, आई, मला कट केलं. माझ्या तोंडून पहिला शब्द ‘का’ असा गेला. तो प्रश्न मला आजही परत घ्यावासा वाटतो, कारण त्याला उत्तर नव्हतं, ४६ पोरं आणि ४० जागा एवढंच उत्तर होतं, पण माझ्या ‘का’ मध्ये त्याला ऐकू आलं की तू काय चुकलास.

जानेवारीत तो ज्युकोला गेला, तिथे दीड वर्ष जवळजवळ रोज खेळला, मग डिव्हिजन टूच्या कॉलेजातून डिग्री घेतली, एक सेमिस्टर जास्त लागलं. सासऱ्यांना सगळं त्याने स्वतः फोन करून सांगितलं. ते म्हणाले, मग आता मॅच किती वाजता असतात ते सांग, मी गजर बदलतो.